वाघमारे मॅडम आणि काटेरी कड्याळ

वाघमारे मॅडम घोड्याच्या तोंडात हात घालायच्या तेव्हा आजूबाजूची माणसं नकळत आपापले हात मागं घ्यायची. मी तर खिशातच घालायचो. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात माझी उभी हयात गेली. म्हशींच्या लाथा खाल्ल्या, बैलांची शिंगं चुकवली, पण घोड्याच्या दातांचं आणि माझं कधी जमलं नाही. मॅडमचं उलट होतं. घोडं लंगडत आणलेलं असो की खोकत, त्या आधी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवायच्या. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याला दातच नसतात. त्या मोकळ्या जागेत लगामाचं लोखंड बसतं, ज्याला कड्याळ म्हणतात. 'आधी तोंड, मग घोडं,' असं त्या म्हणायच्या, आणि इतक्यांदा म्हणायच्या की आमचा शिपाई त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करून चहावाल्याला हसवायचा.

त्या नांदेडच्या. वडील विष्णुपुरीला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होते. अहमदपूरला बदलून आल्या तेव्हा वय पस्तिशीच्या आतबाहेर, बांधा ठेंगणा, केस कसून बांधलेले आणि आवाज असा की बाहेर रस्त्यावर उभ्या माणसाला वाटावं आत भांडण चाललंय. बऱ्याचदा ते चाललेलंही असायचं. स्कूटीच्या डिकीत गूळ, दोरी, टाके घालायची पेटी आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुळगुळीत कड्याळं असायची. ती वडील निवृत्त झाल्यावर घरच्या घरी घडवायचे. टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि तिच्यापुढं लोकांकडून काढून घेतलेल्या काटेरी कड्याळांचा ढीग. या कड्याळाला आतून खिळ्यासारखे दाते असतात. लगाम ओढला की ते जिभेत घुसतात. कायद्यानं त्यावर बंदी आहे, पण कायदा घोड्याच्या तोंडात कोण बघायला जातंय.

मी एकदा म्हणालो, "मॅडम, मूर्तीपुढं हे बरं दिसत नाही."

"कुठंतरी ठेवायचीच ना काका? इथं निदान शांत राहतील."

मला त्या काका म्हणायच्या. गुट्टेकाका. रागात असल्या की नुसतं गुट्टे. त्यावरून मला दिवसाचं हवामान कळायचं.

पहिल्याच आठवड्यात शिरूर ताजबंदकडचा एक शेतकरी बदामी रंगाचं घोडं घेऊन आला. लगाम घालू देत नाही, मान झटकतं, परवा पोराच्या खांद्याला चावलं, अशी तक्रार होती. "लई हट्टी जात हाय बगा. शांत व्हायचं एखादं इंजक्शन द्या."

मॅडमनी लगाम मागितला. नळाखाली साबणानं घासून धुतला, उजेडाला धरून बघितला, आणि आम्ही काही म्हणायच्या आत ते कड्याळ स्वतःच्या तोंडात धरलं. जिभेवर घेतलं आणि दोन्ही टोकं हलकेच मागं ओढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिपाई तर औषधांच्या खोलीत पळाला, बहुतेक हसायला.

"सांध्याला धार आहे," तोंड पुसत त्या म्हणाल्या. "आणि याच्या तोंडाच्या मानानं अरुंद आहे. दोन्हीकडून ओठ चिमटतोय. घ्या, तुम्ही बघा घालून."

शेतकरी मागं सरकला. "म्या कामून घालू? म्या काय घोडं हाय का?"

"नाही ना? मग त्याची तक्रार तुम्हाला कशी कळणार?"

मग त्यांनी डिकीतलं एक कड्याळ काढलं. सकाळ थंडीची होती, म्हणून ते आधी दोन्ही मुठींत धरून गरम केलं. गार लोखंड तोंडात घेताना कुणालाही नको वाटतं, असं म्हणाल्या. अंगठा आत सरकवला, घोड्यानं तोंड उघडलं, लोखंड बसलं. ओठाच्या कोपऱ्याला एक बारीक सुरकुती पडेल इतपत त्यांनी गालाकडचा पट्टा आवळला. गळ्याखालच्या पट्ट्यात मूठ सहज जाते का ते पाहिलं. घोड्यानं मान झटकली नाही. शेतकरी जाताना गप्प होता, पण गावात जाऊन गप्प बसला नसावा. महिन्याभरात तालुक्यात मॅडमचं नाव पडलं, लगाम चघळणारी बाई. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरंय. निदान लगाम तरी लक्षात राहिला."

माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथं लशी टोचायला आमची माणसं जायची, आणि मॅडम टोचायच्या कमी अन् लगामांच्या पालांपुढं जास्त असायच्या. तिथं बघायला खरंच मजा असते. पितळी कड्या, रंगीत गोंडे, कलगीतुरे, आरशाच्या झालरी, सुताच्या बिनकड्याळाच्या म्होरक्या. मला तर सगळंच घेऊन घरी खुंटीला टांगावंसं वाटायचं. मॅडम मात्र प्रत्येक कड्याळाच्या आतून अंगठा फिरवत पुढं पुढं जायच्या. एका पालात त्यांचा अंगठा थांबला.

"हे काय आहे?"

"काटेरी हाय," विकणारा थंडपणे म्हणाला. "लई मागनी हाय त्याला."

"बंदी आहे, माहीत आहे ना?"

"बाई, मी इकतो. घालत न्हाई. घालनाऱ्याला इचारा."

घालणारा शेजारीच उभा होता. आमच्याच अहमदपूरचा माधव, लग्नाला घोडी देण्याचा त्याचा धंदा. घोडीचं नाव चांदणी, अंगानं पांढरीशुभ्र, डोळे गुलाबी कडांचे. तिच्यावर त्याचं घर चालायचं आणि तिला तो बेटा म्हणायचा. त्याच बेट्यासाठी तो काटेरी कड्याळ घेत होता.

"पार्टीला घोडी नाचती लागती," तो म्हणाला. "साध्या लगामानं मान खाली घालून चालती. मग लोक म्हनत्यात, गाढव आनलं का."

"ते नाचणं नाही, माधवराव. जिभेत खिळा गेल्यावर तुम्हीपण नाचाल."

तिथं बरीच बाचाबाची झाली. माणसं जमली. शेवटी मॅडमनी वडिलांच्या हातचं एक कड्याळ त्याच्या हातात कोंबलं, आणि त्यानं ते बाईपासून सुटका व्हावी म्हणून घेतलं. पण वापरलं, हे खरं. उन्हाळ्याच्या लग्नांना चांदणी त्याच कड्याळावर गेली, आणि मॅडम भेटेल त्याला सांगत सुटल्या.

मग लातूरची ती वरात झाली. डीजेच्या भिंतीसमोर चांदणी बिथरली आणि वळून उधळली. नवरदेव एका मोटारसायकलवर पडला, मनगट मोडलं. लोकांनी माधवला धरून बडवलं. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला तेव्हा त्याचा एक डोळा मिटला होता. आत येऊन त्यानं ते कड्याळ टेबलावर फेकलं.

"तुमचे वडील लई चांगले असतील, मॅडम. पन लोक मला लाता घालू लागले तवा ते नव्हते तिथं. तुमीबी नव्हत्या. आता माझी घोडी, माझा लगाम. पुन्हा शब्द काढू नका."

मॅडम त्या दिवशी कुणावर ओरडल्या नाहीत. बिनसाखरेचा काळा चहा समोर तसाच गार झाला. दुपारी मला म्हणाल्या, "चला, माधवकडं जाऊ." मी म्हणालो, मार खायचाय का. त्यावर त्या म्हणाल्या, "गुट्टे, बसा गाडीवर." गुट्टे म्हटल्यावर मी बसलो.

माधवनं आम्हाला अंगणातच उभं केलं. मॅडमनी एवढंच मागितलं, काल घोडीच्या डोक्यावर जे जे होतं ते सगळं दाखव. त्याच्या बायकोनं आणून टाकलं. झालर आरशांची होती. गोंडे इतके लांब की घोडी चालली की ते थेट डोळ्यांवर आपटणार, आणि डीजेचे दिवे आरशांतून डोळ्यांत लखलखणार. वर कलगीचा पट्टा कानांच्या मुळाशी कचकचून बांधायचा. मॅडमनी चांदणीच्या कानामागं बोट फिरवलं. तिथली कातडी सोलली होती. बोट लागताच ती अंगभर थरथरली.

"माझं चुकलं," मॅडम सरळ म्हणाल्या. "मी तोंडच बघत बसले. कान नि डोळे बघितलेच नाहीत. ती कड्याळानं नाही उधळली, माधवराव. या झालरीनं उधळली. झालर काढा, कानात कापूस घाला, नि साधं कड्याळ..."

"चुकलं ना? मग झालं," माधव म्हणाला. "आता जावा."

परतताना मी म्हणालो, पोलिसांत द्या सरळ, कायदा आहे. मॅडमनी स्कूटीचा वेग कमी केला. मग म्हणाल्या, "घोडी जप्त होईल. ठेवणार कोण, खाऊ घालणार कोण? तो निदान तिला बेटा तरी म्हणतो." मला ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही.

पुढच्या लग्नसराईत, उन्हं कलताना, आम्ही एका गावातलं लसीकरण उरकून स्कूटीवर परत येत होतो. बसस्टँडच्या अलीकडं रस्ता बंद. परण्या निघाला होता. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. मोंढ्यातल्या एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा होता. पुढं डीजे, त्यापुढं नाचणारी पोरं, मोबाइल वर करून शूटिंग करणारी माणसं, आणि मधे चांदणी. मान ताठ, पाय उचलून उचलून टाकत होती. लोक म्हणत होते, काय नाचतीय बघा.

मॅडम गर्दीच्या कडेनं मान उंच करून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "काका, फेस बघा."

"घोड्याला फेस येतोच की."

"पांढरा येतो. हा गुलाबी आहे."

त्यांनी स्कूटी रस्त्याच्या मधोमध स्टँडला लावली, डिकीतून दोरी काढली आणि गर्दीत घुसल्या. मागं जाण्यावाचून मला इलाज नव्हता.

जवळ गेल्यावर कळलं की लगाम माधवच्या हातात नव्हताच. त्या घराण्यात नवरदेवाच्या घोडीचा लगाम धरायचा मान थोरल्या जावयाचा. जावई निलंग्याचा, अंगात नवा सफारी, डोक्याला फेटा, आणि पोटात थोडी घेतलेली. तो लगाम धरून नाचत होता. डीजेच्या प्रत्येक ठोक्याला त्याचा हात खाली यायचा आणि प्रत्येक वेळी माधवनं पुन्हा चढवलेल्या काटेरी कड्याळाचे काटे चांदणीच्या जिभेत जायचे. माधव मागं, शेपटाशी, पांढराफटक पडून चालला होता. ज्याला घोडीतलं कळतं त्याला लगामाला हात लावायची सोय नव्हती.

"थांबा!" मॅडम ओरडल्या. डीजेपुढं कोण ऐकतंय. तेव्हा त्या सरळ घोडीच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. वरात थांबली. डीजेवाल्याला वाटलं काही भांडण आहे, त्यानं आवाज बंद केला. ती शांतता मला आवाजापेक्षा भयंकर वाटली.

"कोन हो ही बाई?"

"दवाखान्याची डॉक्टरीन. वाघमारे."

"वाघमारे," मागून कुणीतरी पुन्हा म्हणालं, आणि त्या एका आडनावात त्याला जे म्हणायचं होतं ते सगळं म्हणून झालं. मॅडमनी ऐकलं. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसली. पण नजर घोडीवरून हलली नाही.

"जीभ कापली जातेय हिची," त्या म्हणाल्या. "अजून मारुतीपर्यंत असंच नेलं तर जीभ तुटून पडेल. मग चारा उचलता येत नाही, गिळता येत नाही. घोडी उपाशी मरेल. नवरदेवाला उतरवा, मी लगाम काढते."

नवरदेवाची आई पुढं धावली. "उतरवू नका गं बाई! घोडीवर बसलेला नवरदेव देवाआधी भुईला टेकत न्हाई. अपशकुन हुतो." मागच्या बायकांनी लगेच होला हो मिळवला. जावई म्हणाला, "आन लगाम काढून आमी काय धरायचं? हा मान हाय आमचा. मागच्या लग्नात धाकट्यानं धरला तर वरीसभर बोलनं बंद होतं." तो हे गंभीरपणे सांगत होता. त्याच्या हातातल्या लगामाच्या वादीवर रक्ताचे थेंब ओघळत होते.

मला वाटलं मॅडम आता भडकणार. त्या भडकल्या नाहीत. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि आवाज इतका खाली आणला की मला तो त्यांचा वाटेना.

"ठीक आहे. कोणी उतरायचं नाही. दाजी, मान तुमचाच राहील. पण मी सांगते तसं करायचं."

खोगिरावर माणूस असताना घोड्याच्या डोक्यावरचं काढणं किती धोक्याचं असतं, हे माधवला माहीत होतं आणि मला माहीत होतं. एक काढलं आणि दुसरं चढलं नाही, एवढ्यात कुठं फटाका वाजला तर घोडं मोकळं. समोर पोरंबाळं, बायका, आणि पाठीवर नवरदेव. मॅडमनी आधी दोरीचा फास चांदणीच्या मानेत टाकला. मग तीच दोरी नाकावरून, हनुवटीखालून घेऊन लगामाच्या आतून साधी म्होरकी बांधली. बोटं घाईत नव्हती. आरशांची झालर काढून माझ्याकडं फेकली. कलगीचा पट्टा सोडला, तसे चांदणीचे कान दोन्हीकडं सैल पडले.

"आता दाजी, वाद्या सैल सोडा."

दाजी सोडेना. गर्दीसमोर, मोबाइलसमोर, बाईच्या सांगण्यावरून! त्याची मूठ उलट आणखी आवळली आणि चांदणीनं मान वर फेकली. तिचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. बायका किंचाळल्या.

तेव्हा वरून आवाज आला. नवरदेव बोलत होता. लातूरला डाळीच्या मिलचा हिशेब बघणारा, चष्मा लावलेला, मुंडावळ्यांआड घामानं भिजलेला पोरगा. सकाळपासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"दाजी, सोडा हो! मला रक्त दिसायलंय. सोडा!"

दाजीनं मूठ उघडली.

मॅडमनी वाद्या कड्याळापासून सोडवल्या आणि खोगिराच्या पुढच्या कडीला बांधल्या. मोकळी टोकं दाजीच्या हातात दिली. "धरा. शेवटपर्यंत तुम्हीच धरायचं." मग गालाकडचा पट्टा सोडून त्या दोन्ही हातांनी कड्याळ खाली घेऊ लागल्या. हळू, फार हळू. दातावर आपटलं असतं तर चांदणीनं डोकं उडवलं असतं. काटे मांसात रुतले होते. "हां... हां... दे बाई, दे..." ते बाहेर आलं तेव्हा त्यासोबत इतकं रक्त आलं की नवरदेवाच्या आईनं तोंडाला पदर लावला आणि बोलायचीच थांबली.

वरात पुन्हा चालू लागली. दाजी छाती काढून, कुठंच न जाणारा लगाम ऐटीत धरून चालला होता. एरवी मी हसून लोळलो असतो. एका बाजूला मॅडम म्होरकीची दोरी धरून, आणि दुसऱ्या बाजूला, कुणी न सांगता पुढं आलेला माधव. त्याच्या ओठांतून एकच चाललं होतं, "हो बेटा, हो. हो बेटा, हो."

देऊळ समोर दिसत होतं आणि कुठल्या तरी पोरानं फटाक्यांची लड पेटवली.

चांदणी बसल्यासारखी मागं दबली आणि झेपावली. दोरी मॅडमच्या तळहातातून सरसर गेली. कातडी जळाल्याचा वास आला असं मला वाटतं, पण ते मनाचंही असेल. मॅडमनी दोरी सोडली नाही. त्या फरपटत गेल्या, आणि दुसऱ्या हातानं ओढणी ओढून त्यांनी चांदणीच्या डोळ्यांवर टाकली. माधव तिच्या मानेला लोंबकळला. लड संपेपर्यंत आम्ही सगळे तसेच होतो. चांदणी जागच्या जागी थरथरत राहिली, पण हलली नाही. नवरदेव तिच्या आयाळीत तोंड खुपसून बसला होता. मग कुणीतरी त्याला उचलून देवळाच्या पायरीवर उतरवलं.

देवळामागं माधवनं चांदणीचं डोकं धरलं. मॅडमनी गुंगीचं इंजक्शन दिलं आणि मला म्हणाल्या, "काका, जीभ धरा." मी फडक्यात धरली. माझे हात त्या दिवशी खिशात नव्हते. जीभ आडवी कापली होती, अर्ध्याहून जास्त. मॅडमचा उजवा तळहात सोलून लाल झाला होता. त्याच हातानं त्यांनी टाके घातले. मधे एकदा सुई निसटली तर माधवला वाटलं त्या रडताहेत. त्या शिव्या देत होत्या, नांदेडच्या अस्सल, ज्या मी त्यांच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या.

"वाचंल का?" माधवनं विचारलं.

"जिभेचा पुढचा भाग मेला नाही तर. तिनं जीभ स्वतःहून बाहेर काढून काही उचललं की समजायचं वाचली. तोवर मला विचारू नका."

त्यानंतर रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मॅडम माधवकडं जायच्या. पातळ पेज नळीनं घशात सोडायची, मिठाच्या पाण्यानं तोंड धुवायचं. हाताला पट्टी होती म्हणून स्कूटी मी चालवायचो. जिभेचा रंग कधी बरा वाटायचा, कधी टोकाकडं काळसर. चांदणीच्या बरगड्या दिसू लागल्या. चारा समोर टाकला की वास घ्यायची आणि मान फिरवायची. माधव मॅडमशी बोलत नव्हता. लग्नांच्या तारखा हातच्या गेल्या होत्या आणि तो राग त्याला कुणावर तरी काढायचाच होता. एकदा फक्त म्हणाला, "हिला असं बगन्यापरीस मी पुन्हा मार खाल्ला असता." कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही.

तेवढ्यात मॅडमच्या विरुद्ध तक्रार गेली. मंगलकार्यात अडथळा, देवाच्या वाटेवर वरात अडवली, असं बरंच. चौकशी झाली की नाही कुणास ठाऊक, बदलीचा आदेश मात्र आला, दूर किनवटकडं. मला संताप आला. मी म्हणालो, लोकांच्या सह्या घेऊ, वर जाऊ. त्या म्हणाल्या, "किनवटलाही घोडी असतीलच ना." पण त्यांना वाईट वाटलं होतं. टेबल आवरताना त्या एकाएकी खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

निघायच्या दिवशी नारळ, शाल, भाषणं ठरलं होतं. मॅडमनी नारळ तेवढा घेतला आणि म्हणाल्या, "चला काका." सामान टेम्पोतून पुढं गेलं होतं. नांदेडची एसटी माधवच्या घरावरूनच जाते, तिथं हात केला की थांबते.

माधव अंगणात उकिडवा बसला होता. आम्हाला बघून उठला नाही. "न्हाई उचललं अजून काई," जमिनीकडं बघत म्हणाला. "राती पेजबी बाहेर काढली."

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. चांदणीच्या डोक्यावर सुताची मऊ म्होरकी होती, तीही सैल. मॅडमनी पट्टी सोडून फेकली आणि नवी गुलाबी कातडी आलेल्या तळहातावर गुळाचा खडा ठेवून हात तिच्या ओठांशी नेला. चांदणीनं वास घेतला. मान फिरवली. मॅडमनी हात हलवला नाही. रस्त्यावर दूर एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी रस्त्याकडं बघितलं, पुन्हा त्यांच्याकडं बघितलं.

चांदणीनं मान परत आणली. ओठ गुळाला लागले. खालचा ओठ लोंबला, थरथरला, आणि आतून जीभ बाहेर आली. वाकडी होती, टाक्यांच्या जागी गाठ आली होती, ती एका बाजूलाच वळत होती. पण ती आली, गुळाभोवती फिरली आणि गूळ आत घेऊन गेली.

माधव उठून उभा राहिला. त्याचं तोंड उघडं होतं. एसटी धूळ उडवत समोरून निघून गेली.

"मॅडम, गाडी गेली," मी म्हणालो.

"बाई," माधव म्हणाला, "ती बदली... ती रद्द न्हाई का होत?"

मॅडमच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. हातावर आता गूळ उरला नव्हता. चांदणी तरीही चाटतच होती, आणि मॅडमनी हात तसाच पुढं धरून ठेवला होता.